कीपरचा कोच होताना: अर्जापासून पहिल्या बॅचपर्यंत

नाशिकमध्ये कॉलेजसाठी, क्लबसाठी किंवा कंपनीच्या फुटबॉल टीमसाठी वर्षानुवर्षं गोलमध्ये उभे राहिलेले पुष्कळ जण आहेत. तिशी उलटली की खांदा किंवा गुडघा बोलायला लागतो, सकाळच्या प्रॅक्टिसला एकेक जण कमी होतो आणि हातात उरतात ते झिजलेले ग्लोव्हज. कोचिंगकडे वळावं असं यातल्या अनेकांना वाटतं. पण अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात, कोचिंगच्या सहा दिवसांच्या कोर्समध्ये नेमकं काय करून घेतात, हे सगळं एका ठिकाणी सांगणारं कुणी भेटत नाही. मला तरी भेटलं नाही. मार्च २०२५ मध्ये सुरुवात केली आणि जानेवारी २०२६ मध्ये पहिली बॅच मैदानावर उतरली. मधल्या दहा महिन्यांत जे झालं ते क्रमाने लिहितोय.

आधी शिडी समजून घ्या. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं डी लायसन्स ही आपल्यासारख्यांसाठी सुरुवातीची पायरी. त्यावर आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. गोलकीपर कोचसाठी लेव्हल वनपासून वेगळे कोर्स आहेत. पण ‘मी कीपर आहे, तर थेट कीपरचाच कोर्स करतो’ हा हिशेब करू नका. डी मध्ये संपूर्ण खेळ शिकवायला लागतो, आणि कीपरला नेमकं तेच कमी येत असतं. महाराष्ट्रात या कोर्सेसची व्यवस्था वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा पाहते. तिचं कार्यालय मुंबईत कूपरेजला आहे. जिल्हा संघटनेशी संपर्क ठेवला तर पुढचा कोर्स कधी आणि कुठे हे वेळेत कळतं.

कागदपत्रं जमवण्यात माझा एप्रिल गेला. ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणि खेळल्याचा दाखला. शेवटचा कागद सगळ्यात अवघड. आउटफिल्डच्या, म्हणजे कीपर सोडून इतर खेळाडूचं नाव गोल करणाऱ्यांच्या यादीत तरी सापडतं. कीपरचं नाव जुन्या टीमशीटवरच असतं आणि टीमशीट कुणी जपून ठेवत नाही. जुन्या क्लबच्या सेक्रेटरींकडून लेटरहेडवर पत्र घ्या. कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या स्पर्धा आणि कोणती जागा, एवढं त्यात स्पष्ट हवं. ‘उत्कृष्ट खेळाडू होते’ या वाक्याचा अर्जाला काही उपयोग नाही, तारखांचा होतो.

माझा अर्ज पहिल्यांदा परत आला तो नावामुळे. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर फक्त आद्याक्षर, आणि खेळाडू नोंदणीत आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. तीन कागद, तीन माणसं. सेतूमधून प्रतिज्ञापत्र करून आणलं, आधार दुरुस्त केलं आणि मग पुन्हा भरलं. यात पाच आठवडे गेले. दरम्यान फिटनेस सर्टिफिकेट जुनं झालं म्हणून तेही नव्याने काढावं लागलं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नाव सगळीकडे एकसारखं करून घ्या, मग क्लबचं पत्र, आणि डॉक्टरांकडे सगळ्यात शेवटी जा. स्कॅन केलेल्या फाइलला ‘स्कॅन एक, स्कॅन दोन’ असं नाव देऊ नका. स्वतःचं नाव आणि कागदाचं नाव द्या. पलीकडे बसलेल्या माणसासमोर अशा शेकडो फाइली असतात.

जूनमधली बॅच भरली. आम्ही खेळलेल्या लोकांना वेटिंग लिस्ट नवी नाही, राखीव कीपर होऊन पूर्ण सीझन बेंचवर काढलेला असतोच. तरी जुलै आणि ऑगस्ट जड गेले. बाहेर पाऊस, मैदानांवर काळ्या मातीचा चिखल, आणि रोज मेल उघडून बघायचं. त्यात ‘कीपर कसा कोच होणार, त्याला काय खेळ कळतो’ हे वाक्य दोघा-तिघांनी ऐकवलं.

त्या वाक्याला उत्तर म्हणून चार नावं सांगतो, कारण ही शंका प्रत्येक कीपरला कुणीतरी बोलून दाखवतंच. दिनो झोफने १९८२ चा विश्वचषक वयाच्या चाळिसाव्या वर्षी इटलीचा कर्णधार म्हणून उचलला. पुढे युव्हेंटसचा कोच असताना १९९० मध्ये एकाच सीझनला यूएफा कप आणि इटालियन कप जिंकला, आणि २००० च्या युरो स्पर्धेत इटलीला फायनलपर्यंत नेलं. बेल्जियमचे रेमंड गोथाल्स कीपर होते. १९९३ मध्ये त्यांच्या मार्सेने म्युनिकच्या फायनलमध्ये एसी मिलानला १-० ने हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. हुलेन लोपेतेगी स्पेनकडून कीपर म्हणून एकच सामना खेळला, पण कोच म्हणून सेव्हियाला २०२० ची युरोपा लीग मिळवून दिली. आणि नुनो एस्पिरितो सांतो २००४ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या पोर्तोच्या संघात राखीव कीपर होता. पुढे कोच म्हणून त्याने २०१८ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला प्रीमियर लीगमध्ये चढवलं. मला या चौघांत नुनोचं उदाहरण सगळ्यात मोलाचं वाटतं. राखीव कीपर नव्वद मिनिटं बसून खेळ वाचत असतो, आणि कोचचंही निम्मं काम तेच आहे. अशी उदाहरणं थोडी आहेत हेही खरं. खेळ दिसतो तो कीपरलाच सगळ्यात जास्त. पण दिसलेलं दुसऱ्याला शिकवायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

सप्टेंबरच्या शेवटी निवडीचा मेल आला. कोर्स ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, मुंबईच्या उपनगरात. चोवीस जण, सहा दिवस.

नाशिककरांसाठी इथे एक सूचना. पंचवटी एक्सप्रेसने रोज ये-जा करता येईल असा विचार मनात आणू नका. ती मुंबईत पोहोचते तोवर सकाळचं मैदानावरचं सत्र संपत आलेलं असतं, आणि हजेरी पूर्ण असावी लागते. आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करा. मी मैदानाजवळच्या डॉर्मिटरीत सहा रात्री काढल्या. रात्रीचे ७०० रुपये, जेवणखाण रोज साधारण ३५०, रेल्वे आणि लोकल मिळून ६००. कागदपत्रं, डॉक्टर आणि प्रिंट यांचे ९०० धरले तर फी सोडून ७,८०० रुपये झाले. फी त्या-त्या कोर्सच्या जाहिरातीत दिलेली असते. सोबत दोन जोड बूट न्या, एक सपाट तळव्यांचे आणि एक स्टडचे. शिट्टी, हातावरचं घड्याळ, पेन्सिल आणि खोडरबरही घ्या. सेशन प्लॅन पेनने काढलात तर पहिल्याच संध्याकाळी पश्चात्ताप होईल.

दिवस साधारण असा जातो. सकाळी मैदान, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान, आणि रात्री दुसऱ्या दिवसाचा कागद तयार करायचा. वर्गात मुलांची वाढ, वयोगटाप्रमाणे काय शिकवायचं, खेळाचे नियम आणि सेशनची आखणी. मैदानावर आलटून पालटून एक जण कोच होतो आणि बाकीचे खेळाडू. दिवसभर तुम्हीच धावत असता. त्यामुळे महिनाभर आधी रोज अर्धा तास पळण्याची सवय ठेवा. कीपर इथे मागे पडतात. आपला दम लहान उड्यांचा असतो, सलग धावण्याचा नसतो.

सेशन प्लॅनच्या कागदावर विषय, मैदानाचं माप, खेळाडूंची संख्या, वेळ, साहित्य, खेळाचा नियम, कोचिंग पॉइंट आणि पुढची पायरी एवढे रकाने असतात. सगळ्यात जास्त चुका मापात होतात. चार विरुद्ध चारसाठी ३० बाय २० मीटर आखलं तर मुलांना जागा मिळते. तेच १५ बाय १० केलं तर सगळे बॉलभोवती गोळा होतात आणि ‘पासिंग’ नावाचं सेशन धक्काबुक्कीत संपतं. दुसरी चूक रंगांची. केशरी डिस्क (मैदान आखायच्या चकत्या) आणि केशरी बिब (जर्सीवर घालायची रंगीत बंडी) एकत्र आले की खेळाडूला कोपऱ्यातला गडी दिसत नाही. तिसरी चूक रांगेची. दहा मुलं आणि एक बॉल असला तर नऊ मुलं उभी राहतात. परीक्षक पहिली नजर तिथेच टाकतात: एका मिनिटात एका मुलाचा पाय बॉलला किती वेळा लागला?

विषय चिठ्ठीने मिळतात. माझ्या चिठ्ठीत ड्रिब्लिंग, म्हणजे बॉल पायाशी ठेवून पळणं, निघालं. कीपरच्या हाती तो विषय आला की पोटात गोळा येतोच, पण घाबरू नका. इथे तुमची ड्रिब्लिंग कुणी मोजत नाही. प्रात्यक्षिक सावकाश करायचं, आणि स्वतःला जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला पुढे बोलवायचं. तसं केलेलं चालतं. गुण जातात ते वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथे आपण सगळे कीपर सारखेच अडकतो.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सराव सत्र चालू असताना मी सवयीने गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि तिथून ओरडत राहिलो: ‘डावीकडे’, ‘मागे माणूस’, ‘टाइम आहे’, ‘सोड, सोड’. इन्स्ट्रक्टर सरांनी शिट्टी वाजवली, सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं आणि बॉल असलेल्या खेळाडूला विचारलं, ‘पास का दिलास?’ तो म्हणाला, ‘सर ओरडले म्हणून.’ सरांनी मला मैदानाच्या बाजूला, मध्यरेषेच्या थोडं पुढे उभं केलं आणि पुढची पाच मिनिटं तोंड न उघडता बघायला सांगितलं. त्या पाच मिनिटांत जे दिसलं ते आधी कधीच दिसलं नव्हतं. कीपर गोलमधून खेळाची लांबी बघतो. बाजूला उभं राहिल्यावर दोन ओळींमधलं अंतर दिसायला लागतं.

कीपरचा आवाज हे मॅचमधलं हत्यार आहे. सेशनमध्ये तोच आवाज मुलाच्या डोक्याचं काम स्वतः करून टाकतो, मग मूल विचार करत नाही. थांबवण्याची पद्धत शिकून घ्या. चूक होते त्याच क्षणी शिट्टी, सगळे जागेवर, बॉल जिथे होता तिथे परत. मग एक प्रश्न, एक प्रात्यक्षिक, त्या मुलाकडून एकदा करून घ्यायचं आणि खेळ चालू. सगळं मिळून तीस सेकंदांच्या आत. दोन चुका दिसल्या तर एकीवरच बोला, आणि तीही आजच्या विषयाशी जोडलेली असली तरच. विषय ड्रिब्लिंगचा असेल आणि कुणी वाईट थ्रो-इन केला तर तो सोडून द्यायचा. आयुष्यभर प्रत्येक चुकीवर ओरडण्याची सवय लागलेल्याला हे सोडून देणं फार कठीण जातं.

लेखी परीक्षेत कीपरला फायदा असतो, कारण नियमांतले बरेच बदल आपल्याच अंगावरून गेलेले आहेत. साथीदाराने मुद्दाम पायाने दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही हा नियम १९९२ मध्ये आला, साथीदाराच्या थ्रो-इनबद्दलचा १९९७ मध्ये. दोन्हीची शिक्षा इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल मारता येत नाही अशी किक. पेनल्टीच्या वेळी किक बसताना कीपरचा निदान एक पाय गोलरेषेवर किंवा रेषेच्या सरळीत हवा, हे २०१९ पासून; रेषेच्या मागे असला तरी चालतो, हे २०२२ पासून. गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियाबाहेर जाण्याची गरज २०१९ मध्येच संपली. म्हणून तर आता दोन सेंटरबॅक, म्हणजे मधले बचावपटू, कीपरच्या बाजूला येऊन उभे राहतात. आणि एक नियम १ जुलै २०२५ पासूनचा: कीपरने बॉल हातात आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो, आणि कॉर्नर कीपर ज्या बाजूला उभा होता त्या बाजूने घेतला जातो. पूर्वी सहा सेकंदांचा नियम होता आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची, पण ती क्वचितच दिली जायची. जुन्या सवयीचे कीपर बॉल पोटाशी धरून जमिनीवर पडून राहतात, त्यांना हे मुद्दाम शिकवावं लागतं.

शेवटच्या दोन दिवसांत परीक्षेचं सत्र होतं. पंधरा-वीस मिनिटं मिळतात. साहित्य आधी मांडून ठेवा. मुलं जमल्यावर डिस्क लावत बसलात तर ती मिनिटं तुमचीच जातात. निकालाला पाच आठवडे लागले आणि प्रमाणपत्र मेलवर आलं, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. बरोबरच्या दोघांना पुन्हा सत्र द्यायला सांगितलं होतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोघेही चांगले कोच आहेत, बोलत जास्त होते इतकंच.

आता नाशिक. मैदान मिळवणं हे लायसन्सपेक्षा अवघड निघालं. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी आणि आत क्रिकेट. गोलकीपिंगसाठी तर उभे गोलपोस्ट आणि पडण्याजोगी जमीन, दोन्ही लागतं. शेवटी एका शाळेचं मैदान ठरलं. मुख्याध्यापकांना दिलेल्या अर्जात मी या गोष्टी लिहिल्या होत्या: वार आणि वेळ, मुलांची जास्तीत जास्त संख्या, लायसन्सची प्रत, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र, प्रथमोपचाराची सोय, आणि शाळेच्या मुलांसाठी किती जागा मोफत. पडताळणीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, मला तीन आठवडे लागले. डिसेंबरच्या सुट्ट्या धरून परवानगीला एकूण पाच आठवडे गेले. शाळेच्या शिपाईमामांशी आधी बोलून घ्या. साहित्याच्या खोलीची किल्ली, पाण्याचा नळ आणि मैदानावर पाणी मारायची वेळ, हे तिन्ही त्यांच्या हातात असतं.

पालकांचं संमतीपत्र छापून घ्या. त्यात दमा, फिट येणं, जुनं फ्रॅक्चर आणि चष्मा यांचे रकाने हवेत. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी मूल पुन्हा खेळणार नाही, हे वाक्य त्यात लिहून पालकांची सही घ्या. मॅच रंगात आली की पालकच ‘काही नाही झालं, खेळू द्या’ म्हणतात. मग तो कागद कामाला येतो.

साहित्याला ९ हजारांच्या थोडे वर गेले. चार नंबरचे आठ बॉल, पन्नास डिस्क, दोन रंगांचे चोवीस बिब, प्रेशर दाखवणारा पंप, प्रथमोपचार पेटी आणि चाळीस मीटर नायलॉनची दोरी. मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. बारा वर्षांखालच्या मुलाच्या मनगटाला तो झेपत नाही, आणि एकदा बोट दुखावलं की मूल बॉलपासून हात मागे घ्यायला शिकतं. ती सवय सुटायला वर्ष जातं. हवाही कमीच ठेवा. नियमात ८.५ ते १५.६ पीएसआय इतकी मोकळीक आहे, लहान मुलांच्या सरावासाठी मी खालच्या टोकाजवळ भरतो.

गोलपोस्टबद्दल कळकळीने सांगतो. हलवता येणारा लोखंडी गोल बांधल्याशिवाय वापरायचा नाही. मुलं आडव्या बारला लोंबकळतात आणि गोल पुढे कोसळतो. जगात यात मुलांचे जीव गेले आहेत. मागच्या पाइपवर वाळूच्या गोण्या टाकल्याशिवाय आमच्याकडे सेशन सुरू होत नाही. गोण्या टाकल्यावर बार धरून पुढे ओढून बघायचं, हललं तर आणखी गोणी.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. नाशिकची थंडी, सकाळी सातला मैदान गार आणि बोटं बधिर. अशा वेळी पहिला शॉट जोरात मारायचा नाही. दहा मिनिटं हाताने बॉल देणं-घेणं, मग पायांची हालचाल, मग झेल. मुरमाच्या मैदानावर डाइव्ह शिकवायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरवलं. शाळेच्या लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू भुसभुशीत करून घेतली आणि डाइव्हचे पहिले तीन आठवडे तिथेच काढले. क्रम ठरलेला: आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उकिडवं, मग उभं राहून, आणि सगळ्यात शेवटी एक पाऊल टाकून. जमिनीला पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, कंबर आणि खांद्याची बाजू या क्रमाने लागली पाहिजे. कोपर आधी टेकलं तर खांदा जातो, पोटावर पडलं तर बॉल सुटतो. एक हात बॉलच्या मागे, दुसरा वर, आणि पाऊल बाजूला न टाकता तिरकं पुढे. मुलं घाबरून मागे पडतात, आणि मागे पडलेल्या कीपरने अडवलेला बॉलही गोलमध्ये जाऊ शकतो.

कीपरने पुढे आल्यावर गोलचा कोन कसा लहान होतो हे दाखवायला दोरीचा प्रयोग प्रत्येकाने करावा. गोल मोठ्यांचाच घ्या, ७.३२ मीटर रुंद. बॉल गोलच्या बरोबर समोर पेनल्टी एरियाच्या रेषेवर, म्हणजे १६.५ मीटरवर ठेवा. दोन्ही पोस्टपासून बॉलपर्यंत दोरी ताणा, एका बाजूला साधारण सतरा मीटर लागते. आता कीपरला गोलरेषेवर उभं करा. दोन दोऱ्यांमध्ये पूर्ण ७.३२ मीटर त्याला राखायचे आहेत. चार मीटर पुढे आणा, दोऱ्यांमधलं अंतर सुमारे साडेपाच मीटर होतं. गोल एरियाच्या रेषेवर, साडेपाच मीटरवर आणा, ते ४.८८ वर येतं. आमच्याकडे एका अकरा वर्षांच्या मुलाने दोन्ही हात पसरून दोऱ्यांना बोटं लावायचा प्रयत्न केला, एक पाऊल पुढे आला, पुन्हा हात पसरले, आणखी एक पाऊल. कुणी काही सांगत नव्हतं. मग मी बॉल हातात घेऊन त्याच्या डोक्यावरून हळूच गोलमध्ये टाकला. पुढे येण्याची किंमत त्याला तिथेच कळली. बॉल बाजूला सरकवला की दोऱ्याही सरकतात, आणि कीपरने कुठे उभं राहायचं ते मुलं मातीवर पायाने रेघ ओढून दाखवतात. फळ्यावर हाच कोन तासभर समजावला तरी इतका उतरत नाही.

दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये कायमचा कीपर ठरवू नका. आळीपाळीने सगळे गोलमध्ये. जाड मुलाला किंवा ज्याला पळता येत नाही त्याला गोलमध्ये उभं करायची जुनी पद्धत आहे. ती मुलावर आणि या जागेवर, दोघांवरही अन्याय करते.

पालक ग्लोव्हजबद्दल विचारतात. लहान मुलाला ६०० ते १२०० रुपयांची जोडी पुरे. बोटांत काड्या असलेल्या महागड्या जोड्यांची गरज नाही, त्यांनी मूठ नीट वळत नाही. वापरण्याआधी तळवा ओलसर करा, नंतर कोमट पाण्यात साबणाच्या पावडरशिवाय धुवा आणि सावलीत वाळवा. उन्हात टाकलेलं लेटेक्स कडक होऊन तडकतं. मुरमावरून उठताना तळवा टेकून उठू नये, मूठ टेकून उठावं. एवढ्याने जोडी दुप्पट टिकते.

फेब्रुवारीच्या शेवटी दुसऱ्या शाळेबरोबर पहिली मैत्रीपूर्ण मॅच झाली. कोच म्हणून कागदाचं काम इथे सुरू होतं. टीमशीटवर कीपर आणि राखीव कीपर स्पष्ट लिहा. कीपरची जर्सी दोन्ही संघांपेक्षा आणि रेफ्रीपेक्षा वेगळ्या रंगाची हवी, म्हणून दोन रंगांच्या न्या. मैदानातल्या खेळाडूला कीपरशी जागा बदलायची असेल तर खेळ थांबलेला असताना, रेफ्रीला सांगूनच. न सांगता बदलली तर दोघांनाही यलो कार्ड. कीपरला दुखापत झाली आणि बदली खेळाडू संपले असतील तर कोण गोलमध्ये जाणार, हे मॅचच्या आधीच ठरवून त्या मुलाला दोन सेशन ग्लोव्हज घालायला द्या.

कोच मध्यरेषेजवळच्या जागेत उभा राहतो. तिथून आपला कीपर मोठ्या मैदानावर पन्नास मीटरच्या आसपास लांब असतो, आणि हाफटाइमला बाजू बदलल्या तरी तो तितकाच लांब राहतो. मधे वीस मुलांचा आणि पालकांचा आवाज. तुम्ही ओरडलेलं त्याच्यापर्यंत पोहोचतं तेव्हा बॉल पुढे गेलेला असतो. जे सांगायचं ते हाफटाइमला, बाजूला घेऊन, फार तर तीन वाक्यांत. त्या दिवशी आमच्या कीपरला एकच सांगितलं होतं: कॉर्नरला बाहेर येणार असशील तर बॉल सुटल्या सुटल्या ‘कीपर’ म्हण, मोठ्याने. दुसऱ्या हाफमध्ये चार कॉर्नर झाले. दोनदा त्याची हाक मध्यरेषेपर्यंत ऐकू आली, दोनदा तो जागेवरच थांबला. त्यातल्या एकावर गोल झाला. पुढच्या सोमवारी सेशन प्लॅनवर विषयाच्या रकान्यात ‘कॉर्नर, हाक आणि बाहेर येणं’ असं लिहिलं आहे.